त्या वाटा पर्यटकांसाठी बांधलेल्या नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्पेनमधल्या रिबेइरा साक्रा या वाईनच्या खोऱ्यावरचा लेख वाचला. लेख छान आहे, फोटो तर एकदम झकास, आमच्या घरात तो अंक सगळ्यांच्या हातातून फिरला. पण वाचून झाल्यावर मला वाटलं की लेखकाने ती दरी बोटीच्या डेकवरून बघितली असावी आणि दुपारी वाईन टेस्टिंग उरकून परत गेले असावेत, कारण पायी चालण्याबद्दल सगळ्या लेखात एकच ओळ आहे, की पर्यटकांसाठी तिथं सुंदर ट्रेल तयार केलेत. त्या एका ओळीवरून हे पत्र. मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. भाचा माद्रिदला नोकरीला आहे, त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा त्याने म्युझियम वगैरे दाखवायच्या भानगडीत न पडता मला सरळ या खोऱ्यात चालायला नेलं. आता द्राक्षवाल्याला द्राक्षांच्या डोंगरात नेऊन सोडल्यावर त्याची बडबड थांबणार आहे का, पत्र लांबणार, कात्री तुमच्या हातात आहेच.

मुद्दा एवढाच की त्या वाटा पर्यटकांसाठी बनवलेल्या नाहीत. त्या शेतावर जायच्या वाटा आहेत. कुठं रोमन काळातला रस्ता, कुठं मठातल्या साधूंची ये-जा करायची वाट, कुठं नदीवर होडी पकडायला उतरायची, आणि बाकीच्या बहुतेक सगळ्या म्हणजे द्राक्षाची पाटी खांद्यावर घेऊन वर चढायच्या. रंगाचे पट्टे मारले, पाट्या लावल्या, नंबर दिले, हे सगळं नंतरचं. आणि आजही वाट चालू आहे की बंद पडली हे पर्यटन खात्यावर कमी आणि त्या वाटेच्या टोकाची बाग कोणी कसतंय का नाही यावर जास्त अवलंबून आहे. हे लेखात यायला हवं होतं, कारण वाचणारा माणूस तिथं जाऊन त्या शेतातूनच चालणार आहे.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी जागा सांगतो. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या बरोबर डोक्यावर गॅलिसिया आहे. त्यातल्या लुगो आणि ओउरेन्से या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर सील नावाची नदी डोंगर कापत येते आणि ओस पेआरेस या गावाशी मिन्यो नदीला मिळते. तिथले लोक म्हणतात की पाणी सीलचं आणि नाव मिन्योचं, कारण संगमाच्या पुढं समुद्रापर्यंत नदीला मिन्योच म्हणतात. सीलची घळ काही ठिकाणी पाचशे मीटरपर्यंत खोल आहे, आणि त्या उभ्या उतारावर वरपासून खालपर्यंत दगडी भिंतींच्या पायऱ्या करून द्राक्ष लावलेली. काही ठिकाणी एका पायरीवर वेलींची एकच ओळ बसते, दुसरी लावायला जागाच नाही. लाल वाईनची मेन्सिया ही मुख्य जात, पांढऱ्यात गोदेयो. वाईनला सरकारमान्य मूळस्थानाचा शिक्का 1996 मध्ये मिळाला, पण द्राक्ष तिथं मठांच्या काळापासून आहे आणि रोमन लोकांनी आणली असं सगळे सांगतात. एकूण लागवड बाराशे हेक्टरच्या आसपास आणि शेतकरी दोन हजारांच्या वर, म्हणजे माणशी अर्धा-पाऊण हेक्टर काढा, त्यात परत तुकडे, एक तुकडा नदीजवळ, एक वर चर्चपाशी, एक बायकोच्या माहेरचा पलीकडच्या वळणावर. हे ऐकून मला घरच्यासारखंच वाटलं म्हणा.

नदीच्या दोन्ही काठांमध्ये फरक केवढा आहे ते बोटीतून दिसतं पण कळत नाही, चालल्यावर कळतं. सील पूर्वेकडून पश्चिमेला जाते, म्हणजे उत्तरेकडच्या काठाचा उतार दक्षिणेला तोंड करून. तिकडं सूर्य उन्हाळ्यातसुद्धा दुपारी दक्षिणेकडंच राहतो, डोक्यावर येत नाही, त्यामुळं त्या उताराला दिवसभर ऊन. अमान्दी, दोआदे ही नावाजलेली बागायत सगळी या बाजूला, सोबेर तालुक्यात. समोरच्या, परादा दे सीलच्या बाजूला उतार उत्तरेला तोंड करून, तिथं चेस्टनट आणि ओकचं दाट जंगल, शेवाळ, ओल, आणि त्या जंगलात लपलेला सान्ता क्रिस्तिनाचा जुना मठ. एकाच नदीवर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, एका बाजूला दुपारी दगडाला हात लावला तर चटका आणि दुसऱ्या बाजूला जर्किन काढवत नाही. त्यातही एखादा उतार जरा वळला, कोपऱ्याला ऊन मिळालं की तिथं लगेच चार ओळी द्राक्ष लावलेली दिसते, बर्शाकोवाच्या बाजूला असं बघायला मिळतं. जुन्या लोकांनी ऊन मोजून मापून भिंती घातल्यात.

आता भिंतींचं सांगतो कारण वाटा त्यातूनच जातात. भिंत म्हणजे नुसते दगड रचलेले, आपल्या कोकणात गडगा घालतात तसे, ना चुना ना सिमेंट. फटीतून पावसाचं पाणी निघून जातं म्हणून भिंत फुगून पडत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी दगड स्लेटचा, काळसर, तो दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला देत बसतो. अशा रचीव भिंती घालायची कला युनेस्कोने 2018 मध्ये स्पेनसकट आठ देशांच्या नावाने अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. यादीत घेतली हे ठीक, पण भिंत दरवर्षी कुठं ना कुठं ढासळतेच, रानडुकरं मुळं उकरायला येतात आणि दगड खाली ढकलतात, आणि ती परत रचायला माणूस लागतो.

दोआदेच्या खाली उतरताना असा एक माणूस आम्हाला भेटला. सत्तरीच्या पुढचे आजोबा, सोबत त्यांच्या मिसेस, सप्टेंबरचा शेवट, काढणीचे दिवस. वाटेवरच त्यांनी क्रेट लावून ठेवले होते म्हणून आम्ही थांबलो. आजोबा भिंतीच्या पडलेल्या भागाचे दगड बाजूला करत होते, मोठे एकीकडं, चपटे एकीकडं, बारकी खडी तिसरीकडं, आणि मग मोठा दगड बसवला की मागच्या पोकळीत ती खडी मूठमूठ भरत होते, ठोकून बघत होते, हलला तर काढून उलटा करून परत. एका दगडाला असं पाच-सात वेळा केलं असेल. आजीबाई तोपर्यंत घड काढत होत्या, कात्री बारकीशी, घड हातात धरून आतले दोन-चार खराब मणी काढून टाकायच्या आणि मगच क्रेटमध्ये ठेवायच्या, टाकायच्या नाहीत, ठेवायच्या. शेजारून एक लोखंडी रूळ उताराला लागून वर गेला होता, एकच रूळ, त्यावर इंजिन लावलेली छोटी ट्रॉली, ती क्रेट घेऊन घरघर करत वर जाते. हे रूळ अलीकडं आले, सगळीकडं नाहीत. ज्यांच्याकडं नाहीत ते अजून खांद्यावरच नेतात, आणि काही बागा तर अशा आहेत की माल खाली नदीत होडीवरच उतरवावा लागतो.

भाच्याने मधे पडून आमच्या गप्पा जुळवल्या. त्यांना गॅलिशियन येत होती, भाच्याला स्पॅनिश, मला मराठी, पण डाउनी या बुरशीच्या रोगाचं पान दाखवल्यावर कोणाला कशाची गरज पडली नाही. तिथंही तोच रोग, तीच मोरचूद-चुन्याची निळी बोर्डो फवारणी, खांबांवर आणि भिंतीच्या दगडांवर निळसर डाग. मी सांगितलं की आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळ छाटणी, कारण आमच्या वेलीला थंडीची झोपच मिळत नाही, तर आजोबांना ते काही खरं वाटेना. त्यांची एकच छाटणी, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. मग एकरी उताऱ्याचा विषय निघाला. आमच्या एका एकरात जेवढा माल निघतो तेवढा त्यांना दोन हेक्टरात निघाला तरी चांगलं वर्ष म्हणतात. मी खायच्या द्राक्षाचं बोलत होतो आणि ते वाईनच्या, तुलना बरोबर नाही हे मान्य, पण मजुरी मात्र त्यांची कितीतरी पट जास्त, कारण ट्रॅक्टर नावाची वस्तू तिथं उभीसुद्धा राहू शकत नाही. अशा शेतीला युरोपात वीरांची द्राक्षशेती म्हणतात, त्यासाठी इटलीत सेर्विम नावाची संस्था आहे आणि तीस टक्क्यांपेक्षा जास्त उतार, पाचशे मीटरच्या वर उंची, पायऱ्यांची शेती किंवा छोटं बेट असे तिचे निकष आहेत. आजोबांना वीर वगैरे काही वाटत नव्हतं, ते म्हणाले की पोरं बार्सिलोनाला आहेत आणि माझे गुडघे गेले की ही बाग गेली.

आणि बाग गेली की वाट गेली. हे त्यांनी नाही सांगितलं, पुढं चालताना आपोआप दिसलं. कसलेल्या बागेतून जाणारी वाट स्वच्छ, पायऱ्या शाबूत, पाण्याला चर काढलेला. मग एक वळण घेतलं की पडीक बाग, आणि तिथं रानटी ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली, पिवळ्या फुलांची झुडपं, भिंत पोटात फुगलेली आणि वाट अशी की हात वर करून एका अंगावर चालायचं. पट्टे तिथंही मारलेले आहेत, पण पट्ट्यांनी काटे निघत नाहीत. गेल्या शतकात हा सगळा भाग रिकामा झाला, आधी क्युबा-अर्जेंटिनाला, मग स्वित्झर्लंड-जर्मनीला, मग बार्सिलोनाला लोक गेले. परादा दे सीलजवळ दरीच्या तोंडावर माद्रिदची बाल्कनी नावाचे कडे आहेत, व्ह्यू पॉइंट म्हणून सगळे तिथं फोटो काढतात. तर असं सांगतात की या भागातले पुरुष माद्रिदला गोड वेफर विकायला जायचे आणि बायका या कड्यावर उभ्या राहून पलीकडच्या डोंगरावरून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहायच्या. खाली नदीजवळच्या बागांचं अजून वेगळं, 1950 च्या दशकात सान्तो एस्तेवोचं धरण झालं आणि खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या. तुमच्या लेखात ज्या शांत निळ्या पाण्याचं वर्णन आहे ना, ते नदीचं नाही, धरणाच्या फुगवट्याचं आहे, आणि बोट चालते ती त्याच्यामुळंच.

चालायचं म्हटलं तर काय काय आहे तेही सांगतो, नाहीतर नुसती टीका केल्यासारखं होईल. लोकांना सगळ्यात जास्त आवडते ती माओ नदीवरची लाकडी वाट. माओ ही सीलला मिळणारी छोटी नदी, तिच्या घळीच्या अंगाला लटकवलेला लाकडी पूल-रस्ता साधारण दीड-दोन किलोमीटर आहे, सुरुवातीला जुनं वीजघर आहे जिथं आता राहायची सोय केलीय, आणि पुढं बर्शाकोवा गाव. पोरंसोरं, म्हातारे, सगळ्यांना जमतं. खरं सांगायचं तर मला ती वाट सगळ्यात कमी आवडली, गर्दी फार आणि पायाखाली फळ्या, पण मोठी गोल वाट धरून वर सान व्हितोरच्या मध्ययुगीन दफनभूमीपर्यंत गेलं तर माणसं एकदम गायब होतात आणि खडकात माणसाच्या आकाराच्या कबरी कोरलेल्या दिसतात. असंच सान पेद्रो दे रोकासला, तिथं चर्चच खडकात कोरलेलं आहे, आणि सापडलेल्या शिलालेखावर सन 573 आहे. आपल्याला वेरूळ-अजिंठा बघून बघून कोरीव लेण्यांचं कौतुक राहिलं नाही, पण त्या लोकांकडं ही गोष्ट दुर्मिळ आहे, आणि तिथपर्यंत नेणारी जुनी फरसबंद वाट जंगलातून जाते ती तर अप्रतिमच.

चालणाऱ्याने खरी दरी बघायची असेल तर मात्र मिन्योच्या बाजूला दिओमोन्दी ते बेलेसार उतरावं. दिओमोन्दीला बाराव्या शतकातलं चर्च आहे, तिथून जुना रोमन रस्ता नागमोडी वळणं घेत एकदम खाली नदीपर्यंत उतरतो, त्या वळणांना बेलेसारची कोपरं म्हणतात. दोन्ही बाजूंना भिंती, भिंतींवरून द्राक्ष, आणि दगडावर इतक्या वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेली चाकोरी. खाली बेलेसार हे नदीकाठचं चिमुकलं गाव, पूल ओलांडायचा आणि पलीकडं तेवढंच चढून चान्तादाला जायचं. ही वाट म्हणजे सान्तियागो या गॅलिसियातल्या ख्रिस्ती तीर्थाला जाणाऱ्या यात्रेकरूंचा हिवाळी मार्ग. मुख्य मार्गावरच्या घाटात बर्फ पडला की लोक पोन्फेरादाहून सीलच्या खोऱ्याने खाली यायचे, अडीचशेच्या वर किलोमीटर, लास मेदुलासच्या रोमन सोन्याच्या खाणी, मोन्तेफुरादो, किरोगा, मोन्फोर्ते दे लेमोस, चान्तादा असं करत. गॅलिसियाच्या सरकारने 2016 मध्ये याला यात्रेचा अधिकृत मार्ग म्हणून मान्यता दिली. मोन्तेफुरादोला रोमन लोकांनी डोंगराला भोक पाडून अख्खी सील नदी वळवली होती, कशाला तर कोरड्या पडलेल्या पात्रातलं सोनं वेचायला. ते भोक अजून आहे, नदी अजून त्यातून जाते. लेखात रोमनांनी द्राक्ष आणल्याचं आहे पण सोन्याचं नाही, आणि माझ्या मते ते आधी सोन्यासाठीच आले असणार, तहान नंतर लागली असेल.

पट्ट्यांची भाषा आधी समजून घ्या, फार सोपी आहे. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पन्नास किलोमीटरच्या वर. पांढरा-पिवळा म्हणजे मधली, दहा ते पन्नास. पांढरा-हिरवा म्हणजे दहाच्या आतली गावातली वाट. दोन पट्टे आडवे समांतर असले की बरोबर चाललात, वळलेले असले की वळा, फुली असली की इकडं नाही. सगळ्या देशात एकच पद्धत, गिर्यारोहण महासंघाची, आणि वाटेला मान्यता घ्यावी लागते. यात्रेचा मार्ग वेगळा, तिथं पिवळा बाण आणि शिंपला. आपल्या सह्याद्रीत आपण एखाद्या गडावर खडूने, पेंटने, चिंध्या बांधून जे बाण करून ठेवतो, त्यात माझा बाण कुठला तुझा कुठला हेच कळत नाही आणि लोक चुकतात, तिथं तसं होत नाही. पण मघाशी म्हटलं तसं, पट्टा दिसला म्हणजे वाट मोकळी असेलच असं नाही, आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारावं, त्यांना नक्की माहीत असतं.

आपल्या ट्रेकरना एक गोष्ट सांगून ठेवतो. आपण गड चढतो आणि मग उतरतो, म्हणजे दमल्यावर उतार असतो. तिथं गावं वर पठारावर आणि नदी खाली, त्यामुळं सकाळी हसत-खेळत उतरायचं आणि भर दुपारी उन्हात चढायचं. सुरुवातीचं उतरणं फसवं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घळीत चाळीसच्या आसपास पारा जातो, त्या वेळी जाऊच नये. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर उत्तम, काढणी बघायची तर सप्टेंबरच. ऑक्टोबरच्या शेवटी चेस्टनट पडतात, नोव्हेंबरमध्ये गावोगाव ती शेकोटीवर भाजून नव्या वाईनबरोबर खायचा सण असतो. त्याच सुमारास रानडुकरांची शिकार चालू असते, सुट्टीच्या दिवशी वाटेवर तसा बोर्ड दिसला तर मुकाट्याने मागं फिरायचं, हिरोगिरी नको. ओल्या स्लेटवर पाय सटकतो, बूट चांगले हवेत. पाणी वरूनच भरून घ्या, खाली दुकान नाही. जेवण दोन ते चार, पाच वाजता गेलात तर किचन बंद आणि तोंड बघत बसा. शाकाहारी लोकांनी तिथल्या पालेभाजी-बटाट्याच्या सूपला भुलू नये, त्यात डुकराची चरबी असते, विचारून घ्यायचं, नाहीतर बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट आणि ब्रेड जिंदाबाद. जायला माद्रिदहून ओउरेन्सेपर्यंत हायस्पीड ट्रेन 2021 च्या डिसेंबरपासून आहे, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, पुढं मात्र बसचा भरवसा नाही, गाडी भाड्याने घ्यावी लागते.

आणि वागायचं कसं. मी हे जरा कडकपणे लिहिणार कारण मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, माझ्या बागेत रस्त्यावरून गाड्या थांबवून लोक घुसतात, घड धरून फोटो काढतात, चार मणी तोंडात टाकतात आणि बाकीचा घड तसाच दांडीला लोंबकळत सोडून जातात. तो घड गेला ना मग, त्याला बाजार नाही. तिथं वाट बागेच्या मधून जाते, हाताला घड लागतात, आणि त्या मेन्सियाचा एकेक घड वर न्यायला माणसाने काय केलंय ते तुम्ही आत्ताच चढून बघितलेलं असतं. तोडू नका. भिंतीवर चढू नका, बसू पण नका, वरचा एक दगड हलला की खालचे दहा सुटतात. गेट उघडलं तर लावून घ्या. काढणी चालू असेल तर क्रेट घेऊन येणाऱ्याला वाट द्या, त्याने तुम्हाला द्यायची नाही. ड्रोन घरी ठेवा. आणि चार पैसे गावात खर्च करा, म्हणजे मोठ्या शहरातून बसने येऊन बोटीत बसून परत जाण्यापेक्षा गावातल्या घरात मुक्काम करा, छोट्या वाईनरीकडून बाटली घ्या, सोबेरजवळ गुंदिवोसला काळ्या मातीची भांडी करतात, पूर्वी वाईन साठवायची तशी, ती घ्या. त्या आजोबांकडची द्राक्ष कोणी बरा भाव देऊन घेतली तर बाग राहील आणि बाग राहिली तर वाट.

हे काही मी भावनेच्या भरात लिहीत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये ओउरेन्से जिल्ह्यात वणवे लागले, त्यातला लारोउकोजवळचा एकच वणवा तीस हजार हेक्टरांच्या वर गेला, गॅलिसियाच्या नोंदीतला सगळ्यात मोठा, आणि तो सीलच्या वरच्या अंगाला किरोगाच्या हद्दीपर्यंत आला. पडीक जमिनीवरच्या वाळक्या झुडपांना आग लागायला किती वेळ लागतो हे डोंगराकडेला राहणाऱ्या कोणालाही विचारा. खुरपलेल्या, स्वच्छ बागेत आगीला खायला काही नसतं. त्या भागाला सीलच्या खोऱ्यासकट 2021 मध्ये युनेस्कोने जैवमंडळ राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिलीय, बोर्डसुद्धा मस्त लावलेत, पण बोर्डाने खुरपणी होत नाही.

आता आपलं. नाशिकला वाईन पर्यटन म्हणजे काय, तर गंगापूर धरणाच्या बाजूला गाडी नेऊन लावायची, ग्लास हातात घेऊन सूर्यास्त बघायचा, आणि परत. बागेतून चालायला वाट कुठंय. आमच्याकडं पाणंद रस्ते आहेत, गाव नकाशावर दाखवलेले, पण निम्म्यांवर कोणी ना कोणी बांध सरकवलेला आणि उरलेल्यांवरून तहसीलला तारखा चालू. सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना काढली तेव्हापासून काही मोकळे झाले, होतायत. ते आधी शेतकऱ्यासाठी व्हावेत, ट्रॅक्टर जावा, माल निघावा, मग त्यातल्या एखाद-दुसऱ्यावर पट्टे मारून शहरातल्या लोकांना चालायला बोलवायला काय हरकत आहे असं मला वाटतं. माझ्या शेजाऱ्याला नाही वाटत, तो म्हणतो फवारणी चालू असताना लोक आले तर जबाबदारी कोणाची, आणि तेही बरोबरच आहे, आमच्याकडं सीझनला दिवसाआड फवारणी असते. तिथं तसं नाही. तेव्हा यावर एकदम उत्तर नाही माझ्याकडं, पण तुमच्या पुरवणीने हा विषय घ्यावा, नुसते परदेशी फोटो छापण्यापेक्षा.

शेवटी एक दुरुस्ती. लेखातला मोठा फोटो, ज्यात नदी जवळजवळ पूर्ण गोल वळसा घेते आणि मधे द्राक्षांच्या पायऱ्यांची टेकडी दिसते, त्याखाली सील नदीची घळ असं छापलंय. ती सील नाही, मिन्यो आहे. त्या वळणाला काबो दो मुंदो म्हणतात आणि ते चान्तादा आणि ओ साविन्याओच्या मधे आहे, संगमाच्या वरच्या अंगाला, सीलच्या कड्यांपासून गाडीने बऱ्यापैकी लांब. सीलवरचं वळण बघायचं तर व्हिलोउशेला जावं लागतं. पुढच्या अंकात तेवढं छापा, नाहीतर तुमचा अंक हातात धरून कोणीतरी परादा दे सीलला त्या टेकडीचा पत्ता विचारत फिरेल.

आपला नियमित वाचक,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक